मागच्या रांगेतली गिटार

जाझच्या मोठ्या वाद्यवृंदात गिटारवादकाची जागा मागे असे. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गजरात त्याने फक्त ठेका धरावा, एवढीच अपेक्षा. हा रिवाज मोडण्याचे मोठे श्रेय चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णीय तरुणाचे.

१९१६ साली टेक्सासमध्ये जन्मलेले ख्रिश्चन वाढले ओक्लाहोमा सिटीत. अंध वडील आणि मुले रस्त्यावर वाजवून चार पैसे मिळवीत. शाळकरी चार्ली सिगारच्या खोक्यांच्या गिटारी बनवी. १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला ते बेनी गुडमन या नामवंत गोऱ्या वादकासमोर उभे राहिले. गुडमन यांना विजेच्या गिटारचे कौतुक नव्हते. पण एकच धून चाळीस मिनिटांहून अधिक रंगली आणि ख्रिश्चन त्यांच्या संचात आले. काळ्या-गोऱ्यांनी एका मंचावर वाजवणे तेव्हा अमेरिकेत अपवादच होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. गुडमन यांच्याकडचे काम आटोपले की ते हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये जात. तिथे थेलोनियस मंक, केनी क्लार्क यांच्या संगतीत बीबॉप आकाराला येत होते. माझ्या मते खरे ख्रिश्चन तिथलेच.

२ मार्च १९४२ रोजी क्षयाने ते गेले. वय अवघे २५. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये.

इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरी यांना हा गुरू लाभला तो तबकड्यांतून. दिवसा कारखान्यात राबून त्यांनी ख्रिश्चन यांचे एकलवादन सुरासुराने पाठ केले. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ते अंगठ्याने तारा छेडू लागले, असे सांगतात. त्या अंगठ्याचा मऊ नाद पुढे कित्येक गिटारवादकांनी आपलासा केला.