सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी गेलं आणि सोन्याहून महाग हार्मोन स्वस्त होत गेलं : पर्सी ज्युलियन यांची गोष्ट

50,000 डुकरिणी.

1934 साली अ‍ॅडॉल्फ बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाला प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन शुद्ध स्वरूपात वेगळं करायचं होतं. त्यासाठी इतक्या डुकरिणींची बीजांडं गोळा करावी लागली. वजन भरलं सव्वासहाशे किलो आणि हातात आलं फक्त 20 मिलिग्रॅम. 

आज मेनोपॉजच्या उपचारात याच हार्मोनची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली जाते. बुटेनांट यांच्या पद्धतीने ती एक कॅप्सूल करायची झाली तर अडीच लाख डुकरिणी लागतील. पण ती आता मेडिकलमध्ये स्ट्रिपमध्ये मिळते. हे ज्यांच्यामुळे झालं त्यातलं एक मोठं नाव म्हणजे पर्सी ज्युलियन. शाळा नाकारली, नोकरी नाकारली, घरावर डायनामाईट टाकला, तरी हा माणूस प्रयोगशाळेतून हलला नाही.

आठवीनंतर शाळाच नव्हती

पर्सी ज्युलियन यांचा जन्म 11 एप्रिल 1899 चा. गाव अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. लिहायला शिकले म्हणून त्यांच्या हाताची दोन बोटं छाटली होती, असं घरात सांगितलं जायचं. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई शिक्षिका. त्यामुळे घरात शिक्षणाला पर्याय नव्हता, पण गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीच्या पुढे सरकारी शाळाच नव्हती.

1916 साली ज्युलियन इंडियाना राज्यातल्या डिपॉ विद्यापीठात दाखल झाले. शाळेचा अभ्यास अर्धवट राहिलेला, म्हणून कॉलेजच्या विषयांसोबत शाळेचेही विषय करावे लागले. राहायला माळा मिळाला, त्या बदल्यात गोऱ्या विद्यार्थ्यांना जेवण वाढायचं आणि भट्टी पेटवायची. 1920 साली निकाल लागला तेव्हा हाच पोरगा वर्गात पहिला होता.

पुढे हार्वर्डमधून 1923 साली मास्टर्स झालं. पण गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीयाकडून शिकणार नाहीत असं कारण देत शिकवण्याचं काम नाकारलं गेलं आणि पीएचडीचा रस्ता बंद झाला. मग ज्युलियन थेट ऑस्ट्रियाला गेले. 1931 साली व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊनच परतले.

नाव झालं, नोकरी नाही

1935 साली त्यांनी सहकारी जोसेफ पिकल यांच्यासोबत फायसोस्टिग्मिन हे काचबिंदूवरचं औषध प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. स्पर्धेत ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन होते, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. ज्युलियन बरोबर ठरले, रॉबिन्सन चुकले.

एवढं होऊनही डिपॉने त्यांना कायम प्राध्यापक केलं नाही. ड्यूपाँट कंपनीने पिकल यांना नोकरी दिली, ज्युलियन यांना नाही. विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपलटन गावातल्या एका संस्थेचं बोलणं पुढे गेलं, तर तिथे कृष्णवर्णीयाने रात्री मुक्काम करायचा नाही असा नियम आडवा आला.

शेवटी 1936 साली ग्लिडन कंपनीने त्यांना शिकागोतल्या सोयाबीन विभागाचं संशोधन सोपवलं. ग्लिडन ही मूळची रंग बनवणारी कंपनी. सोयाबीनमधलं प्रोटीन काढून ते कागदावर चढवायला वापरायचं, हे पहिलं काम. याच प्रोटीनपासून आग विझवणारा फेस तयार झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने तो जहाजांवर वापरला.

टाकीत पाणी शिरलं

1940 साल. कारखान्यात सोयाबीन तेलाची एक लाख गॅलनची टाकी होती. तिच्यात पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा गाळ साचला. मालकाच्या दृष्टीने माल वाया गेला होता. ज्युलियन यांनी मात्र तो गाळ ओळखला. फायसोस्टिग्मिनच्या कामात असे पांढरे स्फटिक त्यांनी आधी पाहिले होते. ते स्टिग्मास्टेरॉल होतं.

आता याचं महत्त्व काय, तर आपल्या शरीरातली इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोन्स आणि वनस्पतीतलं स्टिग्मास्टेरॉल यांचा मूळ सांगाडा एकच असतो, चार कड्या एकमेकांना जोडलेल्या. कडेचा नको तो भाग कापला, थोडे बदल केले की वनस्पतीच्या रेणूतून माणसाचं हार्मोन तयार होतं. हे करता येतं हे जर्मनीत 1934 सालीच सिद्ध झालं होतं. अडचण होती ती कच्च्या मालाची. तेलातून स्टिग्मास्टेरॉल भरपूर आणि स्वस्तात बाहेर कसं काढायचं, हे कोणाला जमत नव्हतं. टाकीतल्या त्या गाळाने वाट दाखवली.

ग्लिडनमधून बाहेर पडलेल्या पहिल्या पाउंडभर प्रोजेस्टेरॉनची किंमत 63,500 डॉलर होती. म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी माल. तो बंदूकधारी पहाऱ्यात अपजॉन या औषध कंपनीकडे पोचवावा लागला. त्यानंतर रोजचं उत्पादन सुरू झालं आणि भाव उतरत गेला.

भाव उतरवणारे ज्युलियन एकटे नव्हते. रसेल मार्कर या दुसऱ्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन काढलं आणि 1944 साली तिथे सिंटेक्स कंपनी उभी राहिली. एकीकडे सोयाबीन, दुसरीकडे कंद. कत्तलखान्यावर अवलंबून असलेला धंदा शेतमालावर आला.

घरावर डायनामाईट

1950 साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने ज्युलियन यांना वर्षातले शिकागोकर म्हणून गौरवलं. त्याच वर्षी त्यांनी ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. कुटुंब राहायला यायच्या आधीच, नोव्हेंबरमध्ये ते घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. जून 1951 मध्ये घरावर डायनामाईट फेकला गेला, तेव्हा मुलं घरात होती. त्यानंतर हा शास्त्रज्ञ बंदूक घेऊन स्वतःच्या अंगणात रात्री पहारा देत बसायचा. पत्नी अ‍ॅना या समाजशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. दोघांनीही घर सोडलं नाही.

1953 साली ज्युलियन ग्लिडनमधून बाहेर पडले आणि स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज काढली. तिथे महिला आणि कृष्णवर्णीय केमिस्टना दारं उघडी होती. एका उत्पादनाचा उतारा चौपट करण्याची पद्धत सापडली, तेव्हा त्यांनी नफा खिशात घालायचा सोडून भाव किलोला 4,000 डॉलरवरून 400 डॉलरवर आणला. मेक्सिकोत त्यांनी कारखाना बांधला, पण कंद गोळा करायचा परवानाच मिळेना. मग कच्चा माल ग्वाटेमालातून आणला. 1961 साली त्यांनी ही कंपनी 23 लाख डॉलरला विकली.

मग मेनोपॉजशी संबंध काय?

ज्युलियन यांच्या काळात प्रोजेस्टेरॉन मुख्यतः गर्भपात टाळायला आणि पाळीच्या तक्रारींवर दिलं जायचं. पाळी थांबताना अंगातून गरम वाफा निघणं, रात्री घामाने जाग येणं, झोप उडणं यासाठी अमेरिकेत 1942 पासून इस्ट्रोजेनची गोळी होती. अनेक वर्षं बायकांना ती एकटीच दिली गेली.

19 एप्रिल 1975 रोजी ज्युलियन गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका कैकपट वाढतो, असं त्यातून दिसलं. या धोक्यावर उपाय ठरला तो सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखं औषध देण्याचा. आजही नियम तोच आहे. गर्भाशय काढलेलं नसेल तर इस्ट्रोजेनसोबत हे दुसरं औषध लागतंच.

म्हणजे उपचारातला सुरक्षेचा भाग ज्या औषधावर उभा आहे, ते स्वस्त करायचं काम त्या माणसाने आधीच करून ठेवलं होतं. नाहीतर धोका कळूनही उपाय फक्त श्रीमंतांना परवडला असता.

खर्चाचा प्रश्न मात्र आजही संपलेला नाही. भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते. उपचार घ्यायचा तर डॉक्टरची फी, सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि दर महिन्याच्या गोळ्या, तेही काही वर्षं. आरोग्य विम्यात असा ओपीडीचा खर्च सहसा बसत नाही. घरखर्चात काटकसर करायची वेळ आली की सगळ्यात आधी बाई स्वतःची गोळी बंद करते. त्यातही पैसे वाचवायला दोनपैकी एकच औषध चालू ठेवणं धोक्याचं आहे, कारण प्रोजेस्टेरॉन बंद करून नुसतं इस्ट्रोजेन घेणं म्हणजे 1975 च्या आधीचीच चूक. स्तनाचा कॅन्सर झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्या बायकांना तर हा उपचार सहसा देतच नाहीत. त्यामुळे सुरू करणं असो की थांबवणं, डॉक्टरला विचारूनच.

1973 साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने ज्युलियन यांना सदस्य केलं. 1993 साली त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं. टपाल खात्यातल्या कारकुनाच्या पोराचं टपाल तिकीट.

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची पोती उतरतात तेव्हा चर्चा तेलाची, पेंडीची आणि भावाची असते. त्याच दाण्यातून बायकांचं औषधही निघतं, हे पर्सी ज्युलियन यांनी कारखान्याच्या पातळीवर दाखवून दिलं.