प्रकाशही धक्का देतो, हे सांगणारे मॅक्सवेल

सेलूहून परभणीमार्गे औंढा नागनाथला जाणाऱ्यांना तिथे येऊ घातलेल्या ‘लायगो-इंडिया’चं नाव आता ओळखीचं झालं आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. प्रत्येक भुजेत समोरासमोर टांगलेले आरसे आणि त्यांच्यामध्ये शेकडो वेळा ये-जा करणारा लेसर. गंमत म्हणजे हा प्रकाश आरशांना चक्क ढकलतो. का, ते गणिताने दाखवलं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी.

१३ जून १८३१ रोजी एडिंबरामध्ये जन्मलेल्या मॅक्सवेल यांची आई ते आठ वर्षांचे असताना कर्करोगाने गेली. गावाकडची बोली आणि विचित्र कपडे पाहून शाळेतली मुलं त्यांना वेडपट म्हणत. त्याच मुलाचा वक्ररेषांवरचा लेख १४व्या वर्षी विद्वानांपुढे वाचला गेला! पुढे ॲबर्डीनला प्राध्यापकी मिळाली. पण १८६०मध्ये दोन कॉलेजं एकत्र झाली आणि नोकरी गेली. मग लंडन, नंतर केंब्रिज.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, हे त्यांनी १८६०च्या दशकात मांडलं. १८७३च्या ग्रंथात पुढचं पाऊल टाकलं : ही लहर ज्यावर पडते, त्यावर दाब देते. किती? एक चौरस मीटरवरच्या उन्हाचा दाब जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅम वजनाइतका. मोजणार कसा?

तेवढ्यात विल्यम क्रुक्स यांची काचेच्या फुग्यातली भिंगरी आली. तिच्या पात्यांची एक बाजू काळी, दुसरी चकचकीत. उन्हात ती फिरू लागली, तेव्हा मॅक्सवेलही हरखले. पण ती फिरत होती उलटी! प्रकाशाचा धक्का चकचकीत बाजूला जास्त बसायला हवा. इथे काळी बाजू मागे सरत होती. दोष फुग्यात उरलेल्या विरळ, तापलेल्या हवेचा. अशा विरळ वायूंचं गणित मॅक्सवेल यांनीच १८७९मध्ये मांडलं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, ४८व्या वर्षी, आईच्याच आजाराने ते गेले. प्रकाशाचा दाब प्रयोगात मोजलेला त्यांना पाहायला मिळाला नाही. तो मॉस्कोत लेबेदेव यांनी मोजला, १९००च्या सुमारास.

आरशांच्या जोडीत, म्हणजे ऑप्टिकल कॅव्हिटीत, हाच दाब भाव खातो. प्रकाश पुन्हापुन्हा आपटत साठत जातो. आरसा किंचित हलला की अंतर बदलतं, साठलेला प्रकाश कमी-जास्त होतो आणि धक्काही बदलतो. जणू आरशाला अदृश्य स्प्रिंग लावली आहे. ती आरशाचं हलणं शांत करू शकते, तसंच वाढवूही शकते. म्हणून वेधशाळेत नुसता लेसर वाढवून भागत नाही. लहर स्पष्ट दिसेल, पण आरसेच डळमळतील. अमेरिकेतल्या लायगोचे ४० किलोचे आरसे प्रकाशकणांच्या अनियमित माऱ्याने कसे हलतात, ते २०२०मध्ये मोजलं गेलं.