जगात जर्मनी, भारतात परभणी अन् मनगटावर रोलेक्स : एका अनाथ जर्मन पोराने घड्याळाचं नाव कसं केलं?

जगात जर्मनी अन् भारतात परभणी. परभणीचा माणूस पुण्यात भेटो नाहीतर दुबईत, ही ओळ तो ऐकवणारच. आता गंमत बघा. ज्या घड्याळाचं स्वप्न आज सेलू-जिंतूरपासून न्यूयॉर्कपर्यंतची पोरं बघतात, ते घड्याळ स्वित्झर्लंडचं म्हणून ओळखलं जातं. पण ते काढणारा गडी जर्मन होता. त्याचं नाव हान्स विल्सडॉर्फ आणि त्याच्या घड्याळाचं नाव रोलेक्स.

सध्या मोबाईल उघडला की रोलेक्सच रोलेक्स दिसतात. कुणी गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून मनगट दाखवतो, कुणी लग्नाच्या फोटोत बाही वर सरकवतो. त्याच मोबाईलवर अर्ध्या किमतीत जुनी ओरिजिनल रोलेक्स देतो म्हणणारेही असतात आणि दोन हजारात फर्स्ट कॉपी विकणारेही असतात. मराठवाड्यात नवरदेवाला घड्याळ-अंगठी करायची पद्धत जुनी आहे. आधी एचएमटीवर भागायचं, आता काही घरांत बोलणी लाखांच्या घड्याळावर जातात.

पण लाखो रुपये मोजून माणूस नेमकं काय विकत घेतो? याचं उत्तर विल्सडॉर्फच्या आयुष्यात सापडतं.

बाराव्या वर्षी पोरका

हान्स विल्सडॉर्फचा जन्म २२ मार्च १८८१ चा. गाव जर्मनीतल्या बव्हेरिया भागातलं कुल्मबाख. घरचा लोखंडी सामानाचा धंदा होता. पण आधी आई गेली, मग वडील गेले आणि बाराव्या वर्षी पोरगं पोरकं झालं. मामा-काकांनी दुकान विकलं आणि त्या पैशातून भावंडांच्या शिक्षणाची सोय लावली. हान्सला कोबुर्गच्या बोर्डिंग शाळेत घातलं. तिथं त्याचं गणित आणि भाषा दोन्ही पक्क्या झाल्या.

शाळा संपल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. जिनिव्हात मोती निर्यात करणाऱ्या पेढीत काम शिकला. १९०० मध्ये ला शो-द-फों या घड्याळांच्या गावात कुनो कोर्टन नावाच्या पेढीत लागला. इंग्रजी येत होतं म्हणून पत्रव्यवहार त्याच्याकडे आला. पगार महिन्याला ८० फ्रँक. सोबत आणखी एक काम होतं, रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची आणि ती वेळ बरोबर दाखवतात का ते तपासायचं.

काम कंटाळवाणं होतं, पण इथंच त्याला एक गोष्ट कळली. घड्याळ वरून कितीही चमकलं तरी त्याची खरी लायकी वेळ तपासल्यावरच कळते.

बायकांचा दागिना

१९०३ मध्ये विल्सडॉर्फ लंडनला आला. १९०५ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, त्याने आल्फ्रेड डेव्हिससोबत स्वतःची पेढी काढली. नाव साधंच, विल्सडॉर्फ अँड डेव्हिस. स्वित्झर्लंडच्या बीएन गावातल्या एग्लर कंपनीकडून घड्याळाची मशीन आणायची, ती केसमध्ये बसवायची आणि इंग्लंडच्या जवाहिऱ्यांना विकायची, असा हा धंदा होता.

त्या काळात पुरुष घड्याळ खिशात ठेवायचा. मनगटावर घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना समजला जायचा. शिवाय इतकं छोटं मशीन नीट वेळ देणार नाही, हाताला झटके बसतील, धूळ अन् घाम आत जाईल असं जाणकारही म्हणायचे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तेव्हाची मनगटी घड्याळं खरंच तशी होती.

पण बोअर युद्धात लढणाऱ्या सैनिकांनी घड्याळ मनगटाला बांधायला सुरुवात केली होती. एका हातात बंदूक असताना खिशातून घड्याळ काढणार कसं? पुढचा जमाना मनगटाचा आहे हे विल्सडॉर्फने ओळखलं आणि एग्लरला छोट्या मशीनची मोठी ऑर्डर देऊन टाकली.

नाव आलं, पण डायलवर यायला २० वर्षं लागली

एक अडचण मात्र होती. डायलवर नाव असायचं ते विकणाऱ्या दुकानदाराचं. घड्याळ चांगलं निघालं तर कौतुक दुकानदाराचं, विल्सडॉर्फला ओळखतंय कोण?

त्याला असं नाव हवं होतं जे छोटं असेल, कुठल्याही भाषेत सहज म्हणता येईल आणि डायलवर शोभेल. १९०८ मध्ये त्याने रोलेक्स हे नाव नोंदवलं. दुकानदार अर्थातच खूश नव्हते. मग विल्सडॉर्फने घाई केली नाही. सुरुवातीला सहा घड्याळांच्या खोक्यात एकाच घड्याळावर रोलेक्स छापलं, नंतर दोन, मग तीन. सगळ्या घड्याळांवर नाव यायला १९२० चं दशक उजाडलं.

आज बरोबर उलटं झालंय. घड्याळ कुठलंही असो, वर नाव रोलेक्सचं रंगवलेलं असतं. म्हणून जुनं घड्याळ बघताना नाव सगळ्यात शेवटी वाचावं. आधी मशीन कुणाचं आहे, केसवरचा नंबर शाबूत आहे की घासलाय, डायल नव्याने रंगवलंय का, हे बघावं. जुन्या रोलेक्सचा सिरीयल नंबर पट्टा काढल्यावर सहाच्या बाजूला, पट्ट्याच्या दोन शिंगांमध्ये कोरलेला असतो. अलीकडच्या घड्याळांत तो डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर असतो. नंबर आणि कागद जुळले नाहीत तर तिथंच थांबावं.

मनगटी घड्याळ परीक्षेला बसवलं

नाव देऊन भागणार नव्हतं, लोकांचा विश्वास बसायला पाहिजे होता. १९१० मध्ये विल्सडॉर्फने आपलं मनगटी घड्याळ बीएनच्या तपासणी केंद्रात पाठवलं. त्याला क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे अचूकतेची पावतीच. मनगटी घड्याळाला असं प्रमाणपत्र मिळायची ही पहिलीच वेळ होती.

मग त्याने इंग्लंडच्या क्यू इथली परीक्षा गाठली. इथं तपासणी ४५ दिवस चालायची. घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितीत आणि तीन तापमानांत ठेवायचे. १५ जुलै १९१४ ला रोलेक्सच्या छोट्या घड्याळाला इथलं अ वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं. बायकांचा दागिना म्हणून ज्याला हसत होते, ते घड्याळ या कसोटीत उतरलं होतं.

युद्ध पेटलं अन् जर्मन आडनाव नडलं

प्रमाणपत्र हातात पडून महिनाही झाला नव्हता, तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं. लंडनमध्ये जर्मनांविरोधात संताप होता आणि याच्या पेढीवर पाटी होती विल्सडॉर्फ नावाची. १९१५ मध्ये कंपनीचं नाव बदलून रोलेक्स वॉच कंपनी केलं. जे नाव दुकानदारांना नको होतं, त्याच नावाने धंदा वाचवला.

त्याच वर्षी ब्रिटनने आयात घड्याळांवर तब्बल एक तृतीयांश कर लावला. सगळा माल स्वित्झर्लंडहून आणणाऱ्याचं गणितच कोलमडलं. विल्सडॉर्फने हळूहळू बस्तान हलवलं आणि १९२० मध्ये जिनिव्हात कंपनीची नोंदणी झाली. अशा तऱ्हेने जर्मन माणसाने लंडनमध्ये सुरू केलेली कंपनी स्विस झाली.

पाण्यात बुडवलेलं घड्याळ

आता राहिली धूळ आणि पाणी. घड्याळात पाणी शिरायची मुख्य जागा म्हणजे चावी. दोन स्विस कारागिरांनी स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसणारी चावी शोधली होती. विल्सडॉर्फने त्याचं पेटंट विकत घेतलं. मागचं झाकण आणि पुढची कडही आट्यांनी घट्ट बसवली. १९२६ मध्ये ऑयस्टर, म्हणजे शिंपला, या नावाने हे घड्याळ बाजारात आलं.

पुढचा किस्सा इंटरनेटवर बऱ्याचदा चुकीचा सांगतात. मर्सिडीज ग्लाइट्झ ही तरुणी रोलेक्स घालून इंग्लिश खाडी पोहून गेली, असं म्हणतात. खरं असं आहे की ७ ऑक्टोबर १९२७ ला ती खाडी पोहून गेली तेव्हा तिच्याकडे रोलेक्स नव्हती. नंतर दुसऱ्या एका बाईने खोटा दावा केल्यामुळे ग्लाइट्झवरही संशय आला. म्हणून ती २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी विल्सडॉर्फने दिलेलं ऑयस्टर तिच्या गळ्यात होतं. थंडीमुळे दहा तासांहून जास्त वेळ झाल्यावर तिला बाहेर काढावं लागलं. खाडी पार झाली नाही, पण घड्याळ चालू होतं. विल्सडॉर्फने डेली मेलच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली आणि दुकानांच्या काचेत माशांच्या टाकीत घड्याळं बुडवून ठेवली.

जुनं घड्याळ घेणाऱ्याने यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. पाणी अडवतात त्या रबरी रिंगा, आणि रबर वयाबरोबर कडक होतं. डायलवर वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून वीस वर्षांचं घड्याळ घालून विहिरीत उडी मारली तर हजारो रुपये दुरुस्तीत जातील. आधी प्रेशर टेस्ट करून घ्यावी.

ज्याला रोलेक्स परवडत नाही त्याच्यासाठी

१९३१ मध्ये रोलेक्सने हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारं परपेच्युअल मशीन आणलं. आपोआप चालणारं मनगटी घड्याळ त्याआधी इंग्लंडच्या जॉन हारवूडने काढलं होतं, पण रोलेक्सच्या मशीनमध्ये वजनाचा तुकडा पूर्ण गोल फिरायचा. घड्याळं अजून चांगली झाली आणि महागही.

सगळ्यांना हे परवडणार नाही हे विल्सडॉर्फला ठाऊक होतं. म्हणून त्याने ट्यूडर हे नाव १९२६ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. १९४६ मध्ये त्याची वेगळी कंपनी काढली. केस रोलेक्सची, आतलं मशीन दुसऱ्या कारखान्यातून घेतलेलं, किंमत कमी.

इथं जुनं घड्याळ घेणारे हमखास गोंधळतात. जुन्या ट्यूडरच्या चावीवर आणि झाकणावर रोलेक्सचं चिन्ह किंवा नाव असतं. म्हणून ते नकली ठरत नाही. पण तेवढ्यावरून त्याला रोलेक्स म्हणून कुणी रोलेक्सचा भाव लावत असेल तर तीही फसवणूकच.

कैद्यांना उधारीवर रोलेक्स

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची घड्याळं काढून घेतली जायची. विल्सडॉर्फने त्यांना जिनिव्हाहून टपालाने घड्याळं पाठवली. पैसे युद्ध संपल्यावर द्यायचे. समोरचा माणूस जगेल की नाही याचीही खात्री नसताना जन्माने जर्मन असलेल्या माणसाने ही उधारी दिली होती. क्लाइव्ह नटिंग नावाच्या कैद्याने १९४३ मध्ये स्टालाग लुफ्ट ३ या छावणीतून अशीच रोलेक्स मागवली. मार्च १९४४ मध्ये याच छावणीतून ७६ कैदी भुयार खणून बाहेर पडले होते.

१९४४ मध्ये विल्सडॉर्फची बायको फ्लॉरेन्स वारली. मूलबाळ नव्हतं. १९४५ मध्ये त्याने हान्स विल्सडॉर्फ फाउंडेशन काढलं आणि पुढे कंपनीची मालकी या फाउंडेशनकडे गेली. ६ जुलै १९६० ला जिनिव्हात तो गेला, तेव्हा ७९ वर्षांचा होता. आजही रोलेक्स शेअर बाजारात नाही आणि मालकी फाउंडेशनचीच आहे.

मग घ्यायची तर कशी?

परभणीत राहून नवी रोलेक्स घ्यायची तर मोठ्या शहरातल्या अधिकृत विक्रेत्याकडे जावं लागतं. तिथंही हवं ते मॉडेल लगेच मिळेलच असं नाही, अनेकदा वाट बघावी लागते. नव्या घड्याळावर पाच वर्षांची वॉरंटी मिळते. जुनी हवी असेल तर कंपनीने डिसेंबर २०२२ पासून सर्टिफाइड प्री-ओन्ड योजना सुरू केली आहे. ज्या अधिकृत विक्रेत्यांकडे ती आहे, तिथं तपासलेलं जुनं घड्याळ दोन वर्षांच्या वॉरंटीसह मिळतं. ते बाहेरच्यापेक्षा महाग पडतं, पण महाग पडतो तो भाग तपासणीचा.

बाहेरून घ्यायचीच असेल तर फोटोवर पैसे पाठवू नयेत. योग्य हत्यार असलेल्या घड्याळजीकडून झाकण उघडून मशीन बघावं. सेकंदकाटा सरकत चालतो म्हणजे ओरिजिनल, हा जुना समज झाला. आता नकली घड्याळांचाही काटा सरकतो. बिल, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिसचे कागद मागावेत. आणि विकणारा रोखीचा आग्रह धरत असेल तर सावध व्हावं, कारण एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही. १० लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएसही लागू झाला, म्हणजे पक्क्या व्यवहारात पॅन द्यावाच लागतो.

यातलं काहीच जमणार नसेल तर नवी ट्यूडर आहे, टायटन आहे, आजोबांची एचएमटी आहे. खोट्या नावापेक्षा खरी एचएमटी कधीही बरी.

कुल्मबाखच्या पोराने ८० फ्रँकच्या नोकरीत रोज शेकडो घड्याळं तपासली, म्हणून पुढे लोकांनी त्याच्या नावावर विश्वास ठेवला. सोयाबीन विकून नाहीतर कर्ज काढून लाखाचं घड्याळ घेणाऱ्याने निदान ते एक घड्याळ तरी तितक्याच बारकाईने तपासून घ्यावं.