कै. राम गणेश गडकरी

भगिनींनो, आपल्या पिंपरीच्या रंगमंदिराला आचार्य अत्र्यांचे नाव आहे. ते अत्रे ज्यांना गुरू मानीत, त्या गडकऱ्यांविषयी मी चार शब्द लिहिते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अधिक-उणे गोड मानून घ्यावे.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारीस झाला. वडील लहानपणीच वारले. पुण्यास आले, पण कॉलेज अर्ध्यावर सुटले. किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरी धरली आणि तेथे नाटकाचा ध्यास लागला. ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’ ही नाटके झाली. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता झाल्या. पुढे क्षयाने गाठले. अंथरुणावरही लेखन सुटले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेरला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू अवघ्या महाराष्ट्राने पाहिली. ज्यांनी ती लिहिली त्यांना मात्र पाहावयास मिळाली नाही.

हे नाटक दारूचे, असे आपण म्हणतो. मला वाटते, माणसाने जगावे कशासाठी, हाच त्यातला खरा प्रश्न आहे. सुधाकर हुशार वकील. घरी सोन्यासारखी बायको. कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि त्याला सारे आयुष्यच रिकामे वाटते. त्या रिकाम्या जागेत तळीराम पेला आणून ठेवतो.

आपल्या पट्ट्यात हे नवे नाही. कारखाना बंद पडला की चांगला कर्ता माणूस घरी बसतो. पगार जातो त्याचे दुःख असतेच. पण सकाळी डबा घेऊन निघायचे ते कशासाठी, हेच हरवते, ते दुःख मोठे.

सिंधू जात्यावर दळून संसार ओढते. पतीच्या हातून मूल जाते, स्वतःचाही जीव जातो, तरी ती त्याला दोष लागू देत नाही. तिची माया थोर खरी. पण तिनेही जगणे एकाच खुंटीला टांगले होते. खुंटी निखळली तेव्हा दोघेही कोसळली. तळीरामाची बायको गीता मात्र नवऱ्याला तोंडावर जाब विचारते. आम्हां बायकांनी सिंधूसाठी डोळे जरूर पुसावे, पण लेकीसुनांना गीताही सांगावी.

गडकऱ्यांना पैसा, आरोग्य, आयुष्य, काहीच पुरते मिळाले नाही. हाती घेतलेले काम मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. मंडळाच्या या शुभदिनी त्यांच्या स्मृतीस माझा नमस्कार.