श्री गाडगे महाराज : अल्पचरित्र

मुंबई नगरी श्रीमंत आहे, हे सांगावयास नको. तेथील मोठ्या रुग्णालयांत खेड्यापाड्यांतून रोगी येतात. रोग्यास खाट मिळते. पण त्याच्यासवे आलेल्या बायकामुलांनी रात्री पाठ कोठे टेकावी, हे कोणी विचारीत नाही. ती रस्त्याच्या कडेस निजतात, तेथेच तीन दगडांची चूल मांडतात. येणारेजाणारे त्यांस वळसा घालून जातात. त्यांचा कोणी द्वेष करतो असे नाही. ती कोणास दिसतच नाहीत. ज्या पुरुषास ती दिसली, त्याचे चरित्र या महोत्सवी पुस्तिकेत थोडक्यात सादर करावे, असे आम्हांस वाटले. तो आपल्या धर्मपंथाचा नव्हता, हे खरे. परंतु श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराची कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो आहो, तेव्हा आपणांस हा पुरुष परका वाटू नये.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुळात झाला. वडील दारूपायी अकाली वारले. आई सखूबाई लहानग्या डेबूस घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. मामाच्या घरी गुरे राखावी, नांगर धरावा, असे त्यांचे दिवस गेले. शाळा त्यांच्या वाट्यास आली नाही. सावकाराच्या कागदापुढे अडाणी कुणबी कसा नागवला जातो, हे त्यांनी घरातच पाहिले. पुढे लग्न झाले, मुलेबाळे झाली, आणि १९०५ साली त्यांनी घर सोडले.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा, आणि डोक्यावर एक फुटके गाडगे. त्यातच खाणे, त्यातच पाणी पिणे. त्यावरूनच नाव पडले. हा वेष आमच्या मते साधा नव्हे. ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही, त्यांचाच वेष त्यांनी बुद्धिपुरस्सर घेतला. गावात शिरताच ते रस्ता झाडू लागत. भिकारी समजून लोकांनी त्यांस हुसकावल्याचे प्रसंग चरित्रकारांनी पुष्कळ नोंदविले आहेत. रात्री त्याच गावात सहस्रावधी लोक त्यांच्या कीर्तनास जमत. कीर्तन वऱ्हाडी बोलीत, आणि बहुतेक प्रश्नोत्तररूप: कर्ज का काढता, देवाच्या नावाने बकरे का मारता, पोरांस शाळेत का घालीत नाही? पायां पडू पाहणाऱ्यांस मात्र ते जवळ येऊ देत नसत.

आपली मोहर्ली पाहा. ताडोबाचे अरण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आज वाघ पाहण्यास दूरदूरचे धनिक येथे येतात. वाघ दिसला की गाडी थांबते. मोहफुलांची टोपली डोक्यावर घेतलेली गोंड बाई वाट देण्यास कडेला सरते, तेव्हा ती गाडी थांबत नाही. त्या बाईच्या टोपलीत काय आहे, हे महाराजांनी प्रथम विचारले असते.

लोकांनी दिलेला पैसा महाराजांनी इमारतींत घातला, आणि त्या इमारती नेमक्या कोठे उठल्या हे पाहण्यासारखे आहे. पंढरीत ज्यांस विठोबाचे दार बंद होते, त्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधिली. १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्ते झाली. आणि १९५४ साली मुंबईस जे. जे. रुग्णालयातील रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहिली. वर ज्या बायकामुलांचा उल्लेख केला, त्यांपैकी काहींस तरी प्रथमच छप्पर मिळाले.

एवढ्या वास्तू उठविल्या, पण त्यांतील एक खोलीही त्यांनी आपल्या कुटुंबास दिली नाही. पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. यात त्या माउलीचे हाल झाले, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. चरित्र लिहिणारे तिच्याविषयी फार थोडे लिहितात.

१९५६ च्या डिसेंबरात महाराजांची प्रकृती ढासळली. २० तारखेस त्यांस मोटारीने अमरावतीकडे नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, वाटेतच त्यांचे प्राण गेले.