वाहत्या पाण्याचा वेग मोजणारा आंरी पितो

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याच्या औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी तुम्ही पाहिली असतील. अशा धुराड्यातून वायू किती वेगाने बाहेर पडतो, हे कसे मोजत असतील? ज्या साध्या नळीने ते मोजता येते, तिच्या जनकाची ही ओळख. पालकांनीही ती अवश्य वाचावी.

आंरी पितो यांचा जन्म १६९५ साली दक्षिण फ्रान्समधील आरामों या गावी झाला. लहानपणी अभ्यासाचे नाव काढले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. शाळेत मन रमेना, म्हणून ते सैन्यात गेले. पुढे ग्रनोबल शहरातील एका पुस्तकाच्या दुकानात भूमितीचे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांना गणिताची गोडी लागली. १७१८ साली ते पॅरिसला गेले. तेथे रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने त्यांना आधार दिला, आपला ग्रंथसंग्रह खुला केला. १७२४ साली पितो विज्ञान अकादमीत दाखल झाले.

१७३२ साली त्यांनी सीन नदीत दोन नळ्या धरल्या. एक सरळ, दुसरीचे खालचे टोक काटकोनात वाकवून प्रवाहासमोर केलेले. वाकड्या नळीत पाणी अधिक उंच चढले. त्या उंचीवरून त्यांनी वेग काढला. तळाशी पाणी अधिक वेगाने वाहते, हा त्या काळचा समज या नळीने खोटा ठरवला.

हेच तत्त्व वायूलाही लागू पडते. नळीचे एक तोंड प्रवाहासमोर असते. दुसऱ्या छिद्रावर प्रवाहाचा धक्का बसत नाही. दोन्हींच्या दाबांतील फरक वेग सांगतो. साधी हवा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल, तर फरक पाण्याच्या सुमारे ६ मिलिमीटर उंचीएवढा असतो. वेग दुप्पट झाला की फरक चौपट होतो. धुराड्यातील वायू तापलेला, म्हणून हलका असतो. तेव्हा तापमानही मोजावे लागते. भिंतीजवळ वेग कमी असतो, म्हणून अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढतात. वेगाला धुराड्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की दर सेकंदाला किती वायू बाहेर गेला ते कळते. त्यातील धुळीचे प्रमाण ठाऊक असेल, तर आसपासच्या गावांच्या हवेत किती धूळ मिसळते याचा हिशेब मांडता येतो. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानालाही आपला वेग याच नळीमुळे कळतो.

पुढे पितो यांनी दलदली कोरड्या करण्याचे, पूल व कालवे बांधण्याचे काम केले. माँपेलिए शहराला दुरून पाणी आणणारी योजना त्यांचीच. १७७१ साली आपल्या जन्मगावीच त्यांनी देह ठेवला.

पालकहो, अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला नालायक ठरवण्यापूर्वी पितो यांना आठवा. कोणते पुस्तक कोणाचे मन केव्हा जागे करील, हे सांगता येत नाही. घरात चार पुस्तके असू द्या. आणि विद्यार्थ्यांनो, समज कितीही जुना असो, मोजून पाहिल्याशिवाय तो खरा मानू नका.