राजवाड्यातून लोकांकडे : सयाजीराव महाराज आणि बडोद्याची कलादालने

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे नाव निघाले की सक्तीचे मोफत शिक्षण आणि ग्रंथालयांची चळवळ ही त्यांची दोन महत्कार्ये प्रथम आठवतात. त्यांच्या तिसऱ्या कार्याकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. चित्रे, शिल्पे, जुन्या पोथ्या आणि कारागिरीचे उत्तम नमुने ही पूर्वी राजघराण्याची किंवा धनिकांची खाजगी संपत्ती असे. ही संपत्ती सामान्य प्रजाजनांच्या नजरेसमोर मांडण्याची रीत महाराजांनी बडोद्यात रुजविली. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी ग्रंथालय आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी संग्रहालय, अशी या दोन संस्थांची जोडी त्यांच्या राज्यात उभी राहिली.

या विचाराचे मूळ महाराजांच्या बालपणात शोधता येते. ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी गायकवाडांच्या एका शेतकरी शाखेत त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळराव. मल्हारराव महाराज पदच्युत झाल्यानंतर महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळखही नव्हती. राजवाड्यात आल्यावर इलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला, तर कारभाराचे धडे दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून मिळाले. अक्षराविना जग कसे दिसते आणि अक्षरे आल्यावर ते कसे पालटते, हे दोन्ही अनुभव ज्याने घेतले आहेत असा राज्यकर्ता विरळाच. पुढील सारे आयुष्य प्रजेला शिकविण्यात घालविणारा हा राजा स्वतः उशिरा शिकलेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

२८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना राज्याधिकार प्राप्त झाले. त्याच सुमारास त्रावणकोरचे चित्रकार राजा रविवर्मा बडोद्यास आले आणि त्यांनी राजकुटुंबाची व्यक्तिचित्रे रंगविली. त्यांच्यासाठी राजवाड्याच्या आवारात चित्रशाळाही उभारण्यात आली. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्यांच्याकडून रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रे करवून घेण्याचे ठरविले. त्यासाठी रविवर्म्यांनी बंधूंसह उत्तरेकडील प्रदेशांत प्रवास करून वेशभूषा व चेहरेपट्टी न्याहाळली. १८९० च्या अखेरीस चित्रे बडोद्यास पोहोचली. ही चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी होती, तथापि ती भिंतींवर चढण्यापूर्वी लोकांना पाहता यावीत अशी व्यवस्था झाली. बडोद्यात आणि नंतर मुंबईत ती पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. देवादिकांच्या कथा कीर्तनातून ऐकलेल्या, परंतु तैलचित्र कधीही न पाहिलेल्या माणसांचा तो मेळा होता. उत्तम कला सामान्यांना समजत नाही, हा समज त्या गर्दीने खोटा ठरविला. रविवर्म्यांच्या शिळाछाप चित्रांनी पुढे घरोघर प्रवेश केला, त्याची पूर्वखूणही या प्रदर्शनात दिसून आली.

निद्रानाशाच्या विकारामुळे महाराजांना हवापालटासाठी परदेशी जावे लागे. पहिला युरोपप्रवास १८८७ मध्ये झाला आणि त्यानंतर असे प्रवास वारंवार घडले. राजा राज्याबाहेर फार राहतो, अशी टीका त्यांच्यावर होत राहिली व ती अगदीच निराधार नव्हती. परंतु या प्रवासांत त्यांनी प्रकृतीबरोबर ग्रंथालये, शाळा, कारखाने व संग्रहालये यांचीही दखल घेतली आणि जे उपयुक्त वाटले ते बडोद्यात आणण्याचा प्रयत्न केला. १८७९ मध्ये तयार झालेल्या, कमाटी बाग या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या सार्वजनिक उद्यानात संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. मेजर मँट व चिझम या वास्तुविशारदांची नावे तिच्याशी निगडित आहेत. राजवाड्यापासून दूर, जेथे माणसे मुलाबाळांसह फिरावयास येतात अशा बागेत संग्रहालय असावे, या योजनेतच त्याचा हेतू स्पष्ट होतो. भारतीय कलावस्तूंच्या बरोबरीने प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि परदेशांतील वस्तू यांचीही दालने तेथे सजली. इजिप्तमधील ममीही तेथे आली व आबालवृद्धांच्या कुतूहलाचा विषय बनली.

कला केवळ पाहून थांबावयाचे नाही, ती हाताने घडलीही पाहिजे, हा महाराजांचा दुसरा आग्रह होता. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यात कलाभवन सुरू झाले. चित्रकला, रंगकाम, यंत्रकाम इत्यादी विषय तेथे शिकविले जात. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही तेथे शिक्षण घेतले. छप्पनच्या दुष्काळाच्या जखमा ताज्या असतानाच, डिसेंबर १९०२ मध्ये, अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन महाराजांनी केले. देशी कारागिरीचा ऱ्हास आणि नव्या उद्योगांची निकड यांचा त्यांनी आपल्या भाषणात परामर्श घेतला. याच सुमारास दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भरलेल्या कलाप्रदर्शनात खंडेराव महाराजांच्या काळातील मोत्यांचा गालिचा मांडण्यात आला व तो पाहून लोक थक्क झाले. दोन्ही प्रदर्शनांत बडोद्याचा संबंध होता, पण त्यांचा अर्थ निराळा होता. एकात गतवैभवाचे दर्शन होते, तर दुसऱ्यात भावी उपजीविकेचा विचार होता. महाराजांचा ओढा उत्तरोत्तर दुसऱ्याकडे वाढत गेला.

१९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून राज्यातील ग्रंथालयांची पुनर्रचना करण्यात आली. लक्ष्मीविलास राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा आपला संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेडोपाडी जाऊ लागली. परंतु ज्या गावी वाचणारेच थोडे, तेथे पेटी उघडून तरी उपयोग काय, हा प्रश्न होताच. म्हणून ग्रंथालय खात्यातच दृश्य शिक्षणाची शाखा निघाली. जादूचा कंदील, दुहेरी भिंगातून पाहावयाची छायाचित्रे आणि पुढे चलच्चित्रे यांचे खेळ गावकऱ्यांपुढे होऊ लागले. संग्रहालयापर्यंत ज्याला येता येत नाही त्याच्यापर्यंत चित्रांनीच जावे, हा त्यामागील विचार होता.

स्वतंत्र चित्रदालनाचे काम १९०८ मध्ये सुरू झाले आणि इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. इंग्रज कलासमीक्षक स्पीलमन यांच्या साहाय्याने युरोपातील चित्रे निवडण्यात आली. तेवढ्यात महायुद्ध पेटले. समुद्रप्रवास धोक्याचा झाल्याने चित्रे तिकडेच अडकून पडली व दालन लोकांना खुले होण्यास १९२१ साल उजाडले. गुजरातच्या एका नगरात युरोपीय चित्रांचे प्रयोजन काय आणि रयतेच्या पैशातून ती का घ्यावीत, हा प्रश्न येथे विचारावासा वाटतो. तो अप्रस्तुत नाही. त्या काळी पाश्चात्त्य कलेला श्रेष्ठ मानण्याची जी दृष्टी होती, तिच्यापासून महाराजही सर्वस्वी मुक्त नव्हते. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. समुद्रापार जाणे ज्यांना आयुष्यात शक्य नव्हते, अशा विद्यार्थ्यांना व कारागिरांना जगातील चित्रकला बागेत फिरता फिरता पाहावयास मिळाली. ही चित्रे राजवाड्याच्या भोजनगृहात गेली नाहीत, सार्वजनिक दालनात लागली, हा भेद लहान नाही.

स्थानिक इतिहासाकडेही महाराजांचे दुर्लक्ष झाले नाही. डभोई व उत्तर गुजरात येथील प्राचीन वास्तूंवरील बर्जेस व कझन्स यांचे सचित्र ग्रंथ त्यांच्या कारकिर्दीत निघाले. पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखितांचा शोध घेण्यात आला. गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ मध्ये राजशेखराच्या काव्यमीमांसेने सुरू झाली आणि हस्तलिखितांच्या संग्रहातून १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर आकारास आले. १९३४ मध्ये राज्याचे पुरातत्त्व खाते स्थापन होऊन डॉ. हिरानंद शास्त्री यांच्याकडे त्याची धुरा आली. अमरेली आदी ठिकाणी उत्खनन झाले, आणि आपल्या पायाखालच्या मातीतही पाहण्याजोगे काही आहे, याची जाणीव प्रजेला झाली. याच बडोद्याच्या सेवेत राहून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी मराठी इतिहासलेखनाचा प्रचंड व्याप आरंभिला. १९३२ मध्ये कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान महाराजांना मिळाले, तो मराठी समाजाने केलेला उचित गौरव होय. मराठी राजघराणे, गुजराती प्रजा आणि दोन्ही भाषांतील ग्रंथांना आश्रय, हा मेळ त्यांनी अखेरपर्यंत सांभाळला.

राजकारभारात यश मिळत असता घरात मात्र दुःखाचे प्रसंग एकामागून एक आले. प्रथम पत्नी १८८५ मध्ये निवर्तल्या. युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, शिवाजीराव १९१९ मध्ये व जयसिंहराव १९२३ मध्ये. आपल्या पश्चात काय उरेल, हा विचार अशा पित्याच्या मनात आला असेल तर नवल नाही. संस्था उभारण्याचे काम मात्र थांबले नाही. पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंती रंगविण्यासाठी शांतिनिकेतनातील आचार्य नंदलाल बोस यांना निमंत्रण गेले. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातील युद्ध असे विषय तेथे साकारले. रविवर्म्यांपासून सुरू झालेली दृष्टी नंदलालांपर्यंत येऊन पोहोचली, म्हणजे महाराजांची अभिरुची एका जागी थिजली नव्हती. हे भित्तिचित्रण पूर्ण झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे राज्य विलीन झाले, पण पाहण्याची सवय विलीन झाली नाही. डॉ. हर्मन गोएट्झ यांनी संग्रहालयाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. १९४९ मध्ये महाराजांच्या नावे विद्यापीठ स्थापन झाले, १९५० मध्ये त्यात ललितकला शाखा निघाली आणि इंदूरच्या मराठी वातावरणात वाढलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे तेथे अध्यापनासाठी आले. १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा देशातील पहिला विभागही याच विद्यापीठात सुरू झाला. बडोद्याचे हे कलाक्षेत्र अकस्मात उगवलेले नव्हते. त्याची मशागत अर्धशतकाहून अधिक काळ चालली होती.

जुन्या ग्रंथालयांपाशी पुस्तकांखेरीज बरेच काही साठलेले असते. नियतकालिकांचे जुने अंक, छायाचित्रे, हस्तलिखिते, नाट्यसंस्थांच्या जाहिराती, गावच्या उत्सवांची निमंत्रणे. कपाटाला कुलूप असेपर्यंत हा केवळ साठा असतो. तो नीट लावून, माहिती लिहून लोकांपुढे मांडला की त्याचा वारसा होतो. महाराजांजवळ सत्ता होती आणि संपत्तीही होती. त्यांची बरोबरी कोणत्याही संस्थेला करता येणार नाही. परंतु आपल्याजवळ असलेले दुसऱ्यास दाखविण्यासाठी लागणारी उदारता संपत्तीवर अवलंबून नसते. सयाजीरावांच्या चरित्रातून मराठी ग्रंथालयांनी घेण्याजोगा धडा तो हाच.